एकाच नावाच्या दोघी

हॉस्पिटलात येणाऱ्या माणसाला डॉक्टर दिसतात, नर्स दिसतात, रिसेप्शनवरची मुलगी दिसते. आम्ही दिसत नाही. अबुधाबीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात मेडिकल रेकॉर्ड्सची एक लांबलचक खोली होती. तिथे मी अकरा वर्षं फाईली काढल्या, लावल्या आणि जोडल्या. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा मी दोन आठवडे उत्तरच दिलं नाही. फाईलीबद्दल कोण वाचणार? मग वाटलं, मादामबद्दल तरी लिहावं. लिहिलं नाही तर ते माझ्याबरोबरच राहील.

आधी काम काय होतं ते सांगते. प्रत्येक पेशंटला एक नंबर आणि त्या नंबराची एक फाईल. फाईल नावाने लावायची नाही, नंबराचे शेवटचे दोन आकडे बघून लावायची. नावावर भिस्त ठेवली तर त्या गावात काम होणंच शक्य नव्हतं. एकाच सकाळी ओपीडीत चार मोहम्मद अली यायचे, त्यातल्या दोघांची जन्मतारीख एक जानेवारी. पासपोर्ट काढताना कुणीतरी ती घालून दिलेली. त्या तारखेचं मला कधी हसू आलं नाही, कारण मी स्वतः एक जूनची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, बाबांना आठवेना, गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. आमच्या वर्गात निम्मी मुलं एक जूनची होती.

एका माणसाची एकच फाईल, हा आमचा धर्म. तो का, ते मला लागून दुसऱ्याच महिन्यात कळलं. एक भारतीय बाई लग्नाआधी माहेरच्या नावाने आली होती, लग्नानंतर सासरच्या नावाने आली. काउंटरवर नवीन नंबर पडला, नवीन फाईल झाली. तिला पेनिसिलिन चालत नाही, हे जुन्या फाईलवर लाल शाईने लिहिलेलं होतं आणि डॉक्टरांच्या हातात नवी फाईल होती. बाई वाचली, पण दोन दिवस तिचा चेहरा असा सुजला होता की नवऱ्याने ओळखलं नसतं.

त्या दिवशी मादामनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. मादाम थेरेज आमच्या विभागप्रमुख. कॅनडातल्या फ्रेंच भाग क्वेबेकच्या, साठीला आलेल्या, लग्न न केलेल्या, केस कानापाशी सरळ कापलेले. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्या बाईचं अर्धं आयुष्य एका कपाटात होतं, अर्धं दुसऱ्यात. शोधा अशा फाईली."

मी शोधायला लागले. पुढच्या वर्षभरात मी सव्वादोनशे जोड्या शोधल्या. नाव तेच, आईबाप तेच, गाव तेच, तारीख मात्र निराळी, असं दिसलं की मी समजायचे, माणूस एकच आहे. तारखेवर माझा विश्वासच नव्हता. दुसऱ्या फाईलवर पेन्सिलीने 'डुप्लिकेट' लिहायचं, कागद पहिलीत घालायचे. माझ्या शेजारच्या टेबलावर उस्मानचाचा होते, सुदानचे, वीस वर्षं आखाती देशांत काढलेले. मोडकं हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायचे आणि मला बिन्ती म्हणायचे, म्हणजे मुली. ते म्हणायचे, "बिन्ती, आज किती माणसं कमी केलीस?"

मला त्याचा अभिमान वाटायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा पुण्याच्या मार्केटयार्डात हमाली करायचे. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले ते पास क्लासात, आणि लग्न होऊन सुहासबरोबर इकडे आले तेव्हा इंग्रजीत फोन घ्यायलाही घाबरायचे. सुहास एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होता. अशा मुलीला एखादी गोष्ट इतरांपेक्षा बरी जमते म्हणजे काय, हे ज्याला कळायचं त्याला कळेल.

म्हणूनच मादामनी मला बोलावलं. ड्युटी संपल्यावर, त्यांच्या केबिनमध्ये. टेबलावर तपकिरी लिफाफ्यांची चळत होती.

"तुझी डिग्री इतिहासाची आहे ना?"

"हो मादाम. पण पास क्लास."

"मी क्लास विचारला नाही," त्या म्हणाल्या.

त्यांची आई एक्याण्णव वर्षांची होती. तिकडे एका नदीकाठच्या गावात, चर्चच्या नन चालवतात अशा वृद्धाश्रमात. तिची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भिंग घेऊन वाचतात ते फार तर नाताळपर्यंत. आईची एकच मागणी होती, आपलं सगळं घराणं एका कागदावर मांडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. फोनवर ती पुन्हा पुन्हा सांगायची, "लिहिताना कुणाला वगळू नकोस." मादामचा एक चुलतभाऊ चर्चच्या जुन्या नोंदवह्यांच्या झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवत होता. ते कागद लावायला मादामना माणूस हवं होतं.

मी म्हटलं, "मादाम, मला फ्रेंच येत नाही."

"वीस कागद वाच, येईल."

खरंच आलं. कारण तिथल्या पाद्र्यांनी शेकडो वर्षं एकच वाक्य लिहिलं होतं. अमुक दिवशी आम्ही खाली सही करणाऱ्या धर्मगुरूने अमुक मुलीला बाप्तिस्मा दिला, ती काल जन्मली, अमुक शेतकरी आणि अमुक बाई यांच्या विवाहातून, धर्मपिता म्हणजे गॉडफादर अमुक, धर्ममाता अमुक. फक्त नावं बदलायची. आपल्याकडे सातबारा एकदा वाचता आला की कुठल्याही गावचा वाचता येतो, तसंच. आणि बहुतेक नोंदींच्या शेवटी एक ओळ असायची. तिचा अर्थ मी मादामना विचारला.

"बाप आणि धर्मपिता यांना सही करता येत नाही, असं त्यांनी सांगितलं."

मी म्हटलं, माझ्या शाळेच्या दाखल्यावर बाबांचा अंगठा आहे. मादामनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या आजोबांनाही येत नव्हती. आमच्या घरातून शिकायला बाहेर पडलेली मीसुद्धा पहिलीच." त्यानंतर त्यांच्यासमोर इंग्रजी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवायचं बंद केलं.

नावांनी मात्र मला सुरुवातीला रडवलं. प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि प्रत्येक मुलीच्या नावाआधी मारी. मधलं नाव बहुधा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं आणि हाक मारायचं नाव सगळ्यात शेवटी. एका घरात सहा जोसेफ. मी घरी कागद नेले तेव्हा आमची पाच वर्षांची मधुरा वाकून बघत म्हणाली, "आई, व्हाय इज एव्हरीबडी जोसेफ?" उस्मानचाचांना मी हे सांगितलं तर ते खुर्चीत मागे रेलून हसले. "हमारा सब मोहम्मद, उनका सब जोसेफ. खलास! एक ही फाईल में डालो."

आडनावांचंही तसंच. कित्येक घराण्यांना दोन आडनावं. मूळ पुरुष फ्रान्सहून सैनिक म्हणून आला, पलटणीत त्याला फूल, काटा, वसंत असं काहीतरी टोपणनाव पडलं, ते कागदावर 'ऊर्फ' म्हणून मागे चिकटलं. पुढे एका मुलाने मूळ आडनाव ठेवलं, दुसऱ्याने ऊर्फ ठेवलं, आणि सख्ख्या भावांची नातवंडं परकी झाली. हे मला पटकन समजलं. आपल्याकडेही एक भाऊ कुलकर्णी लावतो आणि दुसरा गावाच्या नावापुढे 'कर' लावतो.

पण बायकांच्या बाबतीत मी पार फसले. मादामची पणजी मला तीन आठवडे सापडेना. लग्नाची नोंद होती, मुलांचे बाप्तिस्मे होते, दफनाची नोंद नव्हती. मी तिला नवऱ्याच्या आडनावाखाली शोधत होते. शेवटी उस्मानचाचांना सांगितलं.

"बापाच्या नावाखाली बघितलंस का?"

"चाचा, लग्नानंतर चाळीस वर्षांनी मेली ती, मादामनीच सांगितलंय."

"म्हणून काय झालं? लग्न केलं की बाप बदलतो का बाईचा?"

पणजी पाच मिनिटांत सापडली, माहेरच्या नावाखाली. त्या नोंदवह्यांत बाई जन्मली त्या नावाने लग्न करते, त्याच नावाने आई होते, त्याच नावाने पुरली जाते. अरबांतही तेच. दोन्हीकडच्या बायका मला सापडत होत्या आणि गोंधळ फक्त आपल्याकडच्या बायकांचा होत होता. माझं तर लग्नात पहिलं नावही बदललं होतं. चाचा म्हणाले, "मग तुला तर कुणीच शोधू शकणार नाही, बिन्ती." मस्करीच होती ती, पण घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात फिरत राहिली.

ऑगस्टपर्यंत अकरा पिढ्या लागल्या. सुहासने तो वंशवृक्ष ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काढला, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसतील एवढी अक्षरं ठेवून. नकाशे छापायच्या मोठ्या प्लॉटरवर तो छापायला त्याच्या लेबनीज साहेबाची परवानगी लागायची. साहेबांनी तो स्क्रीनवर बघितला आणि विचारलं, "ही कुठली ड्रेनेज लाईन?" सुहासने सांगितल्यावर म्हणाले, "आईसाठी आहे? यल्ला, छाप. पण एकच शीट." जेवणाच्या टेबलाएवढा कागद निघाला. मादामनी तो केबिनच्या जमिनीवर पसरला आणि गुडघे टेकून, बोट ठेवत ठेवत वाचला. मग सुहाससाठी खजुराचा डबा दिला आणि मला काहीच न बोलता मिठी मारली. सप्टेंबरमध्ये तो कागद कुरियरने कॅनडाला गेला.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी कामावर आले तर मादाम माझ्या टेबलाशी उभ्या होत्या.

"काल आईचा फोन होता."

"आवडलं त्यांना?"

"दोन दिवस भिंग घेऊन वाचत होती. मग मला म्हणाली, थेरेज, तू तिला का वगळलंस?"

"कुणाला?"

"मी तेच विचारलं. ती म्हणाली, मारी-रोझला."

मला हायसं वाटलं. मारी-रोझ म्हणजे मादामची आईच. "मादाम, आईंचं नाव आहे. मधोमध आहे."

"आईची एक बहीण होती," मादाम सावकाश म्हणाल्या. "तिच्या आधी जन्मलेली. लहानपणीच गेली. त्यानंतर आई झाली आणि तिला तेच नाव दिलं. आमच्याकडे तशी रीत होती. मला एकसष्टाव्या वर्षी हे पहिल्यांदा कळलं. तू बाजूला काढलेल्या कागदांत बघ."

मला बघायची गरज नव्हती. मला तो कागद आठवला. मारी-रोझ, तोच बाप, तीच आई, तेच गाव, तारीख तीन वर्षं आधीची. मादामच्या आईची जन्मतारीख मला माहीत होती, म्हणून तिच्याशी जुळणारा कागद मी ठेवला आणि दुसऱ्यावर पेन्सिलीने 'डुप्लिकेट' लिहून बाजूच्या फोल्डरात टाकला. मादामना विचारलंसुद्धा नव्हतं. भावाने काही पानं खरोखरच दोनदा पाठवलेली होती, त्यांच्याबरोबर हेही गेलं. तारखेत चूक असणार असं मी धरून चालले. जिथे तिथे गुरुजीच तारीख घालतात असं मला वाटत होतं.

मी कागद काढून दिला. मादामनी एका शब्दावर बोट ठेवलं. "काल जन्मलेली. बघ. आमच्या पाद्र्यासमोर एक दिवसाचं बाळ होतं, तो तारीख कशी चुकेल?"

मी रडायला लागले. नोकरीची भीती नव्हती, हे तर खासगी काम होतं. एक्याण्णव वर्षांच्या बाईने एकच गोष्ट सांगितली होती, कुणाला वगळू नकोस, आणि मी नेमकी तिच्या बहिणीला वगळली होती. नाताळला अडीच महिने होते.

मादामनी मला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. थोड्या वेळाने विचारलं, "तुमच्याकडे मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव देत नाहीत?"

"नाही मादाम. तसं कुणी करणारच नाही." मग मी जे सांगितलं ते मी तिथे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. फॉर्मवर वडिलांच्या नावाच्या जागी मी नुसता 'डी' लिहायचे. कॉलेजातल्या मुली हसायच्या तेव्हापासूनची सवय. "माझ्या वडिलांचं नाव दगडू आहे. दगडू म्हणजे दगड. त्यांच्या आधी आजीची तीन मुलं गेली. मग चौथ्याला असं नाव ठेवतात, की मृत्यूला वाटावं, हे काय न्यायचं."

मादामनी तो 'डुप्लिकेट' लिहिलेला कागद पुन्हा हातात घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या वडिलांना निदान त्यांचं स्वतःचं नाव मिळालं."

मी आजपर्यंत त्या नावाकडे असं कधी बघितलं नव्हतं. नंतर माझं नवीन ओळखपत्र झालं तेव्हा मी काउंटरवरच्या मुलीला पूर्ण नाव सांगितलं. तिने स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं, तिने लिहिलं. एवढंच झालं. मी उगीचच इतकी वर्षं घाबरत होते.

पण मोठं काम बाकी होतं. मुलगी जन्मली याचा कागद होता, ती गेली याचा नव्हता. त्या वर्षांची दफनाची पानं भावाने अजून काढलीच नव्हती. मादामनी त्याला फोन केला. तो म्हणाला, पाद्री बदलले आहेत, वही शहरात नेली आहे, शोधतो. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी रोज सकाळी फॅक्स मशीनपाशी जायचे. उस्मानचाचा तिकडे बघत म्हणायचे, "येईल, इन्शाल्ला." तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच कागद हातात घेऊन आले. मधोमध काळा पट्टा ओढलेला फॅक्स, पण वाचता येत होता. मारी-रोझ, अमुक शेतकऱ्याची मुलगी, वय दोन वर्षं चार महिने. आणि शेवटी नेहमीची ओळ, बापाला सही करता येत नाही.

सुहासने शीट पुन्हा मांडली. एका बाईसाठी जागा करायची म्हणजे पूर्ण रांग सरकवावी लागते, हे मला तेव्हा कळलं. लेबनीज साहेबांनी या वेळी काहीच विचारलं नाही. मादामनी कुरियर करायचं नाकारलं. रजा काढली, गुंडाळी नकाशांच्या नळकांड्यात घातली आणि स्वतः घेऊन गेल्या. जाताना मी चिठ्ठी दिली, इंग्रजीत, चार वेळा फाडून पुन्हा लिहिलेली. चूक माझी आहे, तुमच्या मुलीची नाही, मला क्षमा करा.

मादाम जानेवारीत परत आल्या. कोट काढायच्या आधी मला केबिनमध्ये बोलावलं.

आईच्या एका डोळ्याची नजर तोवर पूर्ण गेली होती. दुसऱ्या डोळ्यासमोर धुकं होतं. खिडकीपाशी कागद धरला, भिंग धरलं, तेव्हा एकेक अक्षर दिसत होतं. मादामनी तिचं बोट धरून त्या रांगेवर नेलं. तिथे आता दोन नावं शेजारी शेजारी होती. आईने पहिलं वाचलं. मग दुसरं वाचलं. मग पुन्हा पहिलं.

"माझी चिठ्ठी?" मी विचारलं.

"वाचून दाखवली. म्हणाली, त्या मुलीला सांग, वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या आईनेही तेच केलं होतं. ती मला हाक मारायची तेव्हा मला कधीच कळायचं नाही, आमच्यातल्या कुणाला बोलावते आहे."

मादाम खिडकीकडे बघत होत्या, तळघरातल्या त्या उंचावरच्या खिडकीतून फक्त पार्किंगमधल्या गाड्यांची चाकं दिसायची.

"मग तिने खालचं वाचायला सांगितलं, ते लहान अक्षरांतलं. मी वाचलं, वय दोन वर्षं चार महिने. तिने मला पुन्हा वाचायला लावलं. म्हणाली, एवढीशी होती? मी तर जन्मभर तिला माझी मोठी बहीण समजून घाबरत आले. तिच्यासारखं वागता येत नाही म्हणून. आणि ती एवढीशी होती?"

"मग?"

"मग तिने भिंग खाली ठेवलं," मादाम म्हणाल्या, "आणि त्या नावावर हात ठेवून बसली. लहान मुलाला थोपटतात ना, तसा."